बिनदाताचा पेशंट

गुंजन माझ्या धाकट्या भावाची, शालिकरामची, एकुलती मुलगी. दाताच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आहे म्हणजे अडकली आहे. बाकी विषय सुटले, एकच राहिला. कवळीचा.

या विषयाच्या परीक्षेला पेशंट आपला आपण आणावा लागतो. तोही वर-खाली एकही दात नसलेला. आधी त्याच्या तोंडाचे माप घ्यायचे, मेणात दात बसवायचे आणि परीक्षेच्या दिवशी ते त्याच्या तोंडात घालून परीक्षकाला दाखवायचे. पेशंट आला नाही तर विद्यार्थी नापास. पहिल्या वेळी तिने ठरवलेला म्हातारा पेशंट परीक्षेच्याच सकाळी नातीच्या लग्नाला राजनांदगावला निघून गेला. गुंजन रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि नापास होऊन घरी आली.

मी पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, होतो. तिथे काम झाले की नाही एवढेच बघत. का नाही झाले, ते कोणी विचारत नसे. तरी हे नापास होणे मला पटले नाही. पोरगी कामचुकार नव्हती. पहिल्या वर्षी मेणाच्या वडीतून दाढ कोरायला शिकवतात. एक बिघडली की वितळवायची आणि पुन्हा कोरायला बसायची. प्लांटच्या वसाहतीत सेक्टर १० मधल्या त्यांच्या क्वार्टरची फरशी मेणाने चिकट झाली होती. नातेवाईक म्हणायचे, "डॉक्टरकीत नंबर नाही लागला म्हणून दातात घुसली." ती ऐकायची आणि कोरत राहायची.

दुसऱ्या वेळी पेशंट मी शोधला. मी रुआबांधा वस्तीत राहतो. आमच्या गल्लीत ठकूबाई आहे, मूळची आमच्याच गोंदियाकडची. इकडच्या बायका तंबाखू-गुळाचा काळा गुडाखू हिरड्यांना घासतात, तो तिने जन्मभर घासला. दात गेले, गुडाखू राहिला.

"मले नाही यायचं," ती म्हणाली. "मागं एक पोरगा नेत होता, मोटरसायकलवर बसवून. आजी आजी करे, पाया लागे. पास झाला अन् दिसलाच नाही. दात बी गेले, मोटरसायकल बी गेली."

"ही आमच्या घरची पोरगी आहे."

"तो बी कोणाच्या तरी घरचाच असन."

"मी जामीन राहतो," मी म्हणालो.

ठकूबाईने माझ्या तोंडाकडे पाहिले. "नाही भेटले तं तुह्ये काढून घेईन."

गुंजन तिला रिक्षाने कॉलेजला न्यायची, परत सोडायची. माप घेताना ठकूबाईला उमासे यायचे, माप बिघडायचे. "पुन्हा घेऊ, आजी," गुंजन म्हणायची. एकाच दिवशी अशी किती मापे फेकली, ते ठकूबाई मला शिव्यांसकट सांगायची. पण जायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मेणातले दात तोंडात नीट बसले. गुंजनने आरसा दिला. ठकूबाईने ओठ पाहिले, भरलेले गाल पाहिले. गुंजन तपासणाऱ्या मॅडमना बोलवायला गेली. परत आली तर खुर्ची रिकामी. ठकूबाई दातांसकट निघून गेली होती. गेटवर चौकीदार होता, पण दात असलेल्या म्हातारीला कोण अडवतो?

"मोठेबाबा, आजी घरी आली का?" फोनवर गुंजनचा आवाज फाटला होता. "तिले काही खाऊ देऊ नका. मोम है वो, पूरा खराब हो जाएगा."

मी तसाच अनवाणी गेलो. ठकूबाई ओट्यावर बसली होती, भोवती गल्लीतल्या बायका. ती हसून दाखवत होती. हातात चहाचा कप. मी थांब म्हणेपर्यंत घोट गेला. तिचे तोंड वाकडे झाले. तिने सगळे हातात काढले. गुलाबी मेण लोंबत होते, पुढचे दात आडवे पडले होते, एक चहात गेला होता.

गुंजन आली. ओरडली नाही. एकेक दात वेचला. चहातला चमच्याने काढला.

"तुह्या दातात दमच नाही," ठकूबाई म्हणाली.

"आजी, हे मेणातले आहेत. बसवून पाहायचे असतात फक्त. पक्के नंतर करतात."

"नंतर म्हंजे कधी?"

"परीक्षा झाल्यावर."

"तो पोरगा बी हेच म्हणे. मी उद्या येत नाही."

गुंजनने तिचे पाय धरले. ठकूबाईने पाय आत ओढून घेतले. "पाया नको लागू. कोणी पाया लागलं का मले भेव वाटते."

मी गुंजनला बाजूला घेतले. "खरंच तिला पक्के दात देणार होतीस का?"

"पास झाल्यावर दुसऱ्या डिपार्टमेंटला टाकतात. तिथून परत येऊन कोणी करत नाही. मी केले असते का, मले नाही माहीत. मले फक्त उद्याचा दिवस दिसून राहिला आहे."

गल्ली अरुंद. ठकूबाईने ऐकलेच. "आता खरं बोलली," ती बायकांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सकाळी घ्यायले ये. अन् दात घासून ये, तुह्येच घ्यावे लागतील असं दिसते."

गुंजन कॉलेजला परत धावली. लॅब बंद होईपर्यंत दात पुन्हा बसवले. दिवसांचे काम तासांत केले, आणि घाईचे काम घाईचेच असते.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर बाकावर होतो. आत काय झाले ते ठकूबाईने सांगितले. बाहेरगावच्या परीक्षकाने दातावर दात टेकवायला लावले. डावीकडे वरचे दात खालच्यांना टेकत नव्हते. "इस तरफ से क्या चबाएगी?" ते म्हणाले. ठकूबाई सांगायला गेली, "साहब, मैंने चाय पी थी," आणि बोलता बोलता दात मांडीवर पडले. गुंजनने कारण सांगितले नाही.

निकाल तोच. आणखी सहा महिने.

शालिकराम म्हणाला, "म्हातारीले तशीच राहू दे. सहा महिन्यांत तिले काही दात फुटत नाही. पेशंट तयारच आहे." तो चुकीचे बोलत नव्हता. पक्के दात दिलेला पेशंट त्यांच्या कॉलेजात परीक्षेला चालत नाही.

गुंजन जेवेना. कॉलेजला जाईना. मी गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"मोठेबाबा, मी सोडून देतो हे सगळं. कुठं दुकानात लागून जातो."

"सोडायचं तर सोड. ठकूबाईचं काम अर्धं पडलं आहे."

ती उठून बसली. "तुमाले तुमच्या जामिनकीचं पडलं आहे. माह्यं साल गेलं."

"हो, पडलं आहे," मी म्हणालो. ती पुन्हा आडवी झाली. मी निघून आलो.

सोमवारी ती ठकूबाईच्या दारात होती. माप पहिल्यापासून घेतले. या कामाला मार्क नव्हते, कोणी तपासणार नव्हते. महिनाअखेर पक्के दात तोंडात आले. ठकूबाई पोळी खाते. आभार मानले नाहीत. "डाव्या बाजूनं टोचते," एवढे म्हणाली. गुंजन तिला घेऊन गेली, घासून दिले. पुन्हा टोचले, पुन्हा घासले.

परीक्षा जूनमध्ये आहे. पेशंट नाही. प्लांटचे जुने लोक सेक्टरच्या बागेत बसतात, मी त्यांच्या तोंडात पाहत हिंडतो. कोणाचे तीन-चार दात उरले आहेत, कोणाच्या कवळ्या आधीच झाल्या आहेत. माझ्याच शिफ्टला असलेल्या केवलरामचा एकच उरला आहे, पुढचा, तोही हलतो. आता काढला तर जूनपर्यंत हिरडी भरून येईल. मी त्याला म्हटले, काढून टाक, पोरगी पूर्ण कवळी बसवून देईल.

"एकच तं राहिला आहे, फकिरा," तो म्हणाला. "त्याच्यावर बी डोळा ठेवून राहिला का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, गुंजनला घेऊन. तिने हात जोडले. पाया पडली नाही. "काका, पक्के दात देईन तेव्हाच तुमाले सोडीन," ती म्हणाली. केवलरामने रुमाल काढला, तोंडावर धरला, आणि आम्ही उठेपर्यंत रुमाल खाली घेतला नाही.