ताईच्या डबल जास्वंदीला एकेरी फुलं

मंडळी, आज सकाळी मला रडूच आलं.

माझ्या ताईने उपचारासाठी मुंबईला जाण्याआधी आमच्या अंगणात डबल जास्वंदीचं कलम लावलं होतं, भरगच्च गुलाबी फुलांचं. आज बघते तर झाडावर सगळी साधी, लाल, एकेरी फुलं! मला वाटलं, ताईचं झाड गेलं.

घाबरतच तिला व्हिडिओ कॉल केला. बुंधा नीट दाखवायला लावून ती चक्क हसली. "अगो, हे फुटवे कलमाच्या जोडाखालून आलेत. ही फुलं खालच्या साध्या जास्वंदीची. ती जोमाने वाढते नि वरच्या कलमाला दाबून टाकते. जोडाच्या वर काय हिरवं दिसतंय का बघ."

पानं बाजूला केली, तर बोटभर फांदी अजून तग धरून होती! तिच्या देखतच खालचे सगळे फुटवे छाटले.

मग आम्ही कितीतरी वेळ बोलत बसलो. फोन ठेवताना ती म्हणाली, "मी आले की शेणखत घालू गो."

"मी आले की" हे शब्द तिच्या तोंडून किती दिवसांनी ऐकले! देवाचे आभार मानू की जास्वंदीचे?

तुमच्याही दारात कुणी लावलेलं झाड असेल, तर आज त्या माणसाला फोन कराल?