दाजींचा ऑइल कूलर

नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला थांबलो की मी हल्ली नकळत श्वास रोखतो. परवा भर दुपारी, चैत्राचं ऊन डांबरातून वर उसळत असताना, माझ्या शेजारी एक जुनी मोटरसायकल येऊन उभी राहिली. तिच्या इंजिनातून तापलेल्या तेलाचा वास येत होता. करपट, थोडा गोडसर, घशाच्या मागच्या बाजूला चिकटून बसणारा. सिग्नल सुटला, गाडी निघून गेली, वास मात्र माझ्याबरोबर घरापर्यंत आला. इतर वासांनी आठवणी जाग्या होतात. हा वास मला आधी सावध करतो, आठवण मागाहून येते. कुठेतरी काहीतरी सुटत चाललं आहे आणि ज्याला ते कळायला हवं त्याला अजून कळलेलं नाही, असं वाटत राहतं.

दाजींकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे, अशीच एक जुनी गाडी होती. ते कॉलेजात भूगोल शिकवायचे. अंगाने सडपातळ, बोलणं सावकाश, पण गाडीवर बसले की पाठ अशी ताठ की ओळखीचे लोक दुरूनच हात करायचे. गाडीचं इंजिन हवेवर थंड होणारं. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या. त्यांच्यामधून वारा शिरायचा आणि उष्णता घेऊन निघून जायचा. पाणी नाही, पंखा नाही. दाजींना या साधेपणाचं भारी कौतुक होतं. "चालत राहिलं की थंड होतं," ते म्हणायचे, "माणसाचंही तसंच असतं तर काय हवं होतं!"

हे कौतुक एका मे महिन्यात संपलं. दाजींच्या आई सटाण्याला राहायच्या आणि सुट्टी लागली की दाजी आणि ताई गाडीवरूनच तिकडे जायचे. त्या वर्षी चांदवडच्या अलीकडे, चढावर, इंजिन एकाएकी जाम झालं. आत पिस्टन तापून फुगला, जागच्या जागी अडकला आणि मागचं चाक कुणीतरी मुठीत धरावं तसं थांबलं. गाडी फरफटत रस्त्याच्या कडेला गेली. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न मारत बगल दिली आणि तो निघून गेला. कुणालाही ओरखडा आला नाही. पण ताई सांगायची, त्यानंतर बराच वेळ दाजी कडेच्या दगडावर बसून येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे बघत होते.

इंजिन उघडून नवं करून घेतलं, तरी दाजींच्या मनातली उष्णता काही उतरली नाही. थांबले की ते गाडीजवळ वाकून इंजिनापाशी तळहात न्यायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाकडे न्यावा तसा. आणि मग ऑइल कूलरचा विषय निघाला. इंजिनासमोर बसवायची ती छोटीशी जाळी. इंजिनातलं गरम तेल नळीतून तिच्यात यायचं, वाऱ्यावर निवायचं आणि दुसऱ्या नळीतून परत आत जायचं. मी अंबडच्या कारखान्यात तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसची देखभाल करतो. नळ्या आणि सांधे हाच माझा रोजचा संसार. दाजींनी मला मुद्दाम जेवायला बोलावून विचारलं.

"नका लावू," मी म्हणालो. "आज तुमचं सगळं तेल इंजिनाच्या पोटात सुरक्षित आहे. कूलर लावला की ते बाहेर येणार. नळ्या आल्या, सांधे आले. सांधा म्हटला की कधीतरी गळणार."

"आणि इंजिन पुन्हा जाम झालं तर?"

"मध्ये मध्ये थांबा. झाडाखाली जरा वेळ गाडी उभी करा."

दाजींनी ताईकडे पाहिलं. ती आमरसाची वाटी घेऊन दारात उभी होती. "मागे तुझी बहीण बसलेली असते," ते हळूच म्हणाले.

आम्ही दोघंही तिच्यावरचं संकटच टाळू पाहत होतो, फक्त ते कुठून येईल याबद्दल आमचं एकमत नव्हतं.

कूलर बसला. मी स्वतः जाऊन पाहिला. काम नीट झालं होतं. नळी चौकटीला घासू नये म्हणून मी आणखी एक पट्टी सुचवली, ती दाजींनी लावून घेतली. आणि खरं सांगायचं तर कूलरने आपलं काम चोख केलं. गंगापूर रोडच्या गर्दीतून आल्यावरही इंजिन पूर्वीसारखं धगधगत नसे. दाजी खुलले. एकदा ताईला फरशीवर तेलाचा थेंब दिसला. तिने तो पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला. दाजींनी सांधा आवळला, थेंब थांबला. "नवीन आहे, बसेल जागेवर," ते म्हणाले. ताई मात्र रोज सकाळी गाडीखाली वाकून बघत राहिली.

पुढच्या मे महिन्यात दाजींच्या आई आजारी होत्या म्हणून आम्ही सगळेच सटाण्याला निघालो. दाजी आणि ताई पुढे, मी माझ्या गाडीवर मागे. चांदवड सोडून देवळ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे रिकामी, तडकलेली शेतं, मध्येच कांद्याच्या चाळी, आणि क्षितिजावर उन्हाने थरथरणारे डोंगर. आभाळ इतकं पांढरं होतं की त्याच्याकडे बघवत नव्हतं. घाट सुरू होण्याआधी दाजी थांबले, इंजिनाजवळ हात नेला आणि माझ्याकडे बघून हसले. "गार आहे रे! ये, हात लावून बघ."

घाटाच्या माथ्यावरून उतरायला लागलो तेव्हा माझ्या हेल्मेटच्या काचेवर बारीक ठिपके पडले. मला वाटलं, पाऊस? इतक्या कोरड्या आभाळातून? मी हाताने काच पुसली तर ठिपके विरले नाहीत, पसरले. समोरचा रस्ता तेलकट, सप्तरंगी झाला. त्याच क्षणी तो वास आला. दाजींच्या सायलेन्सरमधून नव्हे, सायलेन्सरवरून पांढरा धूर उठत होता, आणि त्यांच्या चाकामागे रस्त्यावर एक काळी, ओली रेघ उमटत चालली होती. कूलरच्या सांध्यातून सुटलेलं तेल वाऱ्याने मागे उडत होतं, ताईच्या पायावर, मागच्या चाकावर. पुढे वळण होतं. ताई निवांत बसली होती, एक हात दाजींच्या खांद्यावर, ओढणीचं टोक वाऱ्यावर.

मी हॉर्न दाबला. दाजींनी हात हलवला. त्यांना वाटलं, मी मजेत आहे. मी वेग वाढवून त्यांच्या बरोबरीला गेलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "दाजी, चाकाला तेल आहे! ब्रेक लावू नका, नुसती रेस सोडा!"

त्यांनी ऐकलं. मी सांगितलं तसंच केलं. गाडी हळू होत गेली, आणि तरीही वळणावर मागचं चाक अगदी शांतपणे, काही आवाज न करता बाजूला निघून गेलं. दोघं डोंगराच्या बाजूच्या चारीत पडले. मी पोचेपर्यंत दाजी उठून उभे होते; कोपरातून रक्त येत होतं. ताई आडवी होती, पाय विचित्र वळलेला, चेहरा पांढराफटक. दाजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग वरच्या वळणाकडे, मागे राहिलेल्या तेलाच्या रेघेकडे पाहिलं. वरून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"हिला बघ," एवढंच ते म्हणाले आणि चढावर धावत सुटले. धावता धावता त्यांनी अंगातला शर्ट काढून डोक्यावर फिरवायला घेतला. वळणाआड ते दिसेनासे झाले.

मी ताईचं डोकं मांडीवर घेतलं. "हे कुठे गेले?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. जवळच्या कांद्याच्या चाळीवरून एक बाई हातातल्या घमेल्यासकट धावत आली. "काय झायं, भाऊ? लय लागलं का बाईले?" मी तिला रस्त्यावरचं तेल दाखवलं. तिला जास्त सांगावं लागलं नाही. घमेलं मातीने भरून ती वर पळाली. मग वळणापलीकडून ब्रेकचा लांबलचक, किंचाळणारा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. ना हॉर्न, ना माणसाचा आवाज. ताईची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. त्या शांततेत ऊनसुद्धा ऐकू येईल असं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने दाजी वळणावर दिसले, उघड्या अंगाने, मातीने माखलेले, कंडक्टरच्या आधाराने चालत. एसटी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. आत माणसं उभी राहण्याइतकी गर्दी होती. त्याच एसटीतून आम्ही ताईला देवळ्याच्या दवाखान्यात नेलं.

ताईचा घोटा जुळला, पण चाल पूर्वीची राहिली नाही. कितीतरी वर्षं ती हा प्रसंग एकाच वाक्यात सांगायची: "मी तिथे पडलेले, आणि हा माणूस रस्त्याला माती घालायला गेला." दाजी खाली मान घालून ऐकायचे, त्यांनी कधीही खुलासा केला नाही. कूलर त्यांनी काढून टाकला. गाडी पुन्हा नुसत्या हवेवर चालू लागली, पण ताई परत मागे बसली नाही आणि दाजींनीही तिला कधी बस म्हटलं नाही. एकटे जाताना ते थांबून मागचा रस्ता बघायचे. साध्याच आजाराने ते गेले, त्याला आता काही वर्षं झाली. त्यानंतर ताईचं ते वाक्य बदललं. शब्द तेच राहिले, पण "हा माणूस" म्हणताना तिचा आवाज थांबतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ती तक्रार करत नाहीये.

यंदा त्यांच्या मुलीने गाडी दुरुस्त करून घेतली. तिला मैत्रिणींबरोबर लांब जायचं आहे. "मामा, ऊन बघतोयस ना? ऑइल कूलर लावू का? तू सांग." हल्ली नळ्या चांगल्या मिळतात, सांधे पक्के असतात, हे मला माहीत आहे. गर्दीत अडकलेल्या हवेच्या इंजिनाचं काय होतं, तेही माहीत आहे. मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "लाव नाहीतर नको लावू. पण तुझ्यामागून कुणीतरी येतंय, हे विसरू नकोस."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. एके काळी लोक हवापालटाला नाशिकला यायचे. मे महिन्यातही संध्याकाळी गोदेच्या बाजूने असा वारा सुटायचा की आई गच्चीवर चादर घ्यायला लावायची. ते इंजिन ज्याने घडवलं त्याने तसलाच कुठलातरी वारा गृहीत धरला असणार. कूलर लावला तरी त्याच्या जाळीतून शेवटी वाराच जायचा. ही बाहेरची, दरवर्षी आणखी तापत चाललेली हवा. मी आणि दाजी नळ्यांवर आणि सांध्यांवर भांडलो. हवेबद्दल शंका घ्यावी, हे भूगोल शिकवणाऱ्या दाजींनाही तेव्हा सुचलं नाही.

काल भाची गाडी घेऊन जवळच चक्कर मारायला गेली. ताई आणि मी गॅलरीत उभे होतो. इंजिनाचा आवाज कोपऱ्यावर वळला, बारीक झाला, मग ऐकू येईनासा झाला. ताई आत गेली नाही. तिने कठड्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा लगेच उचलला. समोरून झुळूक आली. ती गरमच होती.