मागितलं म्हणून दिलं

शालूबाईंनी कुणावर आवाज चढवल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. फौजी माणसाची बायको. नवरा सीमेवर असताना त्यांनी ऊस पिकवला, पोरं वाढवली, सासऱ्याचं दुखणं काढलं, तेही तोंडातून ब्र न काढता. अशी बाई डॉक्टर रविराजच्या भरल्या दवाखान्यात कडाडली, त्याला कारण तसंच होतं.

कडेगावजवळच्या त्या गावात रविराजच्या हाताला गुण आहे असं सगळे मानत. शिंक आली की सुई, कणकण आली की सुई, वर लाल-पांढऱ्या कॅप्सुला. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या हंबीररावांना असलं जोरकस औषध फार पटायचं. स्वतः घ्यायचे, बायकोलाही घ्यायला लावायचे. घसा खवखवला, कॅप्सूल. अंग मोडून आलं, कॅप्सूल. बरं वाटलं की उरलेल्या डब्यात, पुढच्या खेपेला.

मग सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर आम्रपाली आल्या. पलूसकडच्या, वयानं तरुण. हंबीररावांना सर्दी झाली तेव्हा रविराज गावाला गेला होता, म्हणून नवरा-बायको नाइलाजानं तिकडं गेले. आम्रपालींनी छाती तपासली, घसा पाहिला.

"काका, ही साधी सर्दी आहे. जंतू मारायच्या औषधाचा हिला उपयोग नाही. वाफ घ्या, गरम पाणी प्या. ताप वाढला, धाप लागली तर मात्र लगेच या."

"म्हंजे सुई न्हाई?"

"गरजच नाही."

"सरकार तुमाला पगार कशाला देतं? वाफ घ्या म्हणून सांगायला?" हंबीरराव उसळले. तेवढ्यावर थांबले नाहीत. तालुक्याला जाऊन तक्रार करून आले, बाई औषधं देत न्हाईत, माणसं माघारी लावतात. आम्रपालींना तिथल्या आरोग्य खात्याच्या साहेबापुढं उभं राहून खुलासा द्यावा लागला. शालूबाईंना ते बरं वाटलं नव्हतं, पण त्या गप्प बसल्या.

पुढं उसाच्या लागणीच्या दिवसांत शालूबाईंना लघवीला जळजळ सुरू झाली, मागोमाग ताप. रविराजनं कसली तपासणी न करताच गोळ्या दिल्या. गुण येईना तशा बदलून दिल्या, पुन्हा बदलल्या. एके सकाळी त्या हुडहुडीनं अशा कापायला लागल्या की धरायला दोन माणसं पुरेनात. सांगलीला हलवलं.

तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. निकाल आल्यावर ते म्हणाले, "जंतू नेहमीचेच आहेत, पण गोळ्यांना आता दाद देत नाहीत. मूत्रपिंडापर्यंत गेलेत. शिरेतून भारी औषध द्यावं लागेल. आधी अशा गोळ्या वरचेवर घेत होता का?"

हंबीररावांनी खाली बघतच मान डोलावली.

"त्याच्यामुळंच झालं असं?" शालूबाईंनी विचारलं.

"एकट्या त्याच्यामुळं असं छातीठोक नाही सांगता येत. पण गरज नसताना घेतलेल्या गोळ्यांनी जंतू असेच निर्ढावतात."

सलाईन थेंबथेंब उतरत राहिलं. ताप उतरला आणि शालूबाईंचा राग चढत गेला. जी पोरगी खरं बोलली तिला साहेबापुढं उभं केलं, आणि ज्यानं न तपासता गोळ्या चारल्या त्याच्या हाताला गुण!

घरी आल्यावर अंगात जेमतेम बळ होतं, तरी त्या आधी रविराजच्या दवाखान्यात गेल्या. बाकावर माणसं दाटून बसली होती.

"डॉक्टर, मला सर्दीपडशाला त्या कॅप्सुला कशापायी दिल्या हो?"

"काकी, आत या, बसून बोलू."

"हितंच सांगा. समद्यांना कळू द्या."

रविराजनं इकडंतिकडं पाहिलं. "तुमीच मागता, काकी. न्हाई दिलं तर पेशंट दुसऱ्याकडं जातो. मी काय करू?"

"नातवानं इळा मागितला तर मी देते व्हय त्याच्या हातात? आमी अडाणी म्हणून मागतो. तुमी शिकलाय ते कशासाठी? जीव जायची पाळी आली माझी!"

एक बाई लेकराला कडेवर घेऊन उठली आणि बाहेर पडली. बाकीचे आपला नंबर धरून बसून राहिले. ते बघून तर शालूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी येऊन त्यांनी गोळ्यांचा डबा हंबीररावांपुढं आदळला. "आवं, उठा. जिथं तक्रार केलीया तिथं जाऊन चुकलं म्हणा. आन् मग त्या पोरीला तोंड दावा."

उभ्या जन्मात बायकोनं त्यांना असं फर्मावलं नव्हतं. ते निमूट उठले.

तालुक्याहून ते दोघं आरोग्य केंद्रात गेले. हंबीरराव टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, तक्रार माघारी घेतली. माझं चुकलं."

आम्रपाली हसल्या नाहीत. "काका, तुम्ही माघारी घेतली, बरं केलंत. पण गेल्या आठवड्यात आणखी एक आलीय. शब्दसुद्धा तेच, औषध देत नाही. मी किती जणांपुढं खुलासे देऊ?"

शालूबाई पुढं झाल्या. "कुणी केलीया?"

"नाव नाही सांगता येणार."

"ऱ्हाऊ द्या. शुक्रवारी आमच्या बचत गटाची बैठक हाय. तुमी या आन् समद्यांना सांगा. कुणी वर तोंड करून बोललं, तर मी हाय तिथं."

आम्रपालींनी तपासायच्या खाटेकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "येते. पण आधी तुम्ही झोपा इथं, पोट बघू द्या."