रोहिणखेडची मशीद आणि आईची चादर

रोहिणखेडच्या मशिदीचं कोरीव काम बघायचं माझ्या मनात कधीपासून होतं. आई मागे लागली ती मात्र नवसासाठी. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी, चालायला लागले तर रोहिणखेडच्या पिराला चादर चढवीन, असं ती बोलून बसली होती. आता ठणठणीत चालते, म्हणून हिरवी मखमली चादर पिशवीत घालून आम्ही मायलेकी खामगावहून निघालो. आमच्या भागात नवस नि चादर घरोघरचे. तिथे पीर आहे का, हे मीही विचारलं नाही.

नांदुरा, मोताळा असा रस्ता. स्वतःची गाडी असलेली बरी, एसटीची वाट पाहण्यातच दुपार जाते. मोताळ्यात गरम आलूबोंडे खाल्ले. तिखट म्हणून आईने नाक मुरडलं आणि दुसरा मागवला.

मशीद समोर आली आणि मी आधी भिंतीपाशीच गेले. चारशेहून जास्त वर्षांचा दगड, त्यावर कोरलेली नाजूक नक्षी. दख्खनचे सुलतान एकमेकांशी लढत होते त्या काळातली ही. त्या धामधुमीत कोणी इतक्या निवांतपणे छिन्नी चालवली, याचंच मला कौतुक वाटत राहिलं. तिकीट नाही. चपला बाहेर, डोक्यावर पदर किंवा ओढणी, आणि नमाजाच्या वेळा टाळा. शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका.

आई इकडे कबर शोधत फिरत होती. शेवटी तिने देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या चाचांना विचारलं.

"माय, इथं कोणी पीर नाही," ते म्हणाले. "ही नमाजाची जागा हाय."

आई मटकन खालीच बसली. चादर परत नेली तर नवस अंगावर राहतो, ही तिची खात्री. मी चेष्टा करणार होते, पण तिचे डोळे भरलेले दिसले.

"आता काय करू? पाय देल्ले त्यानं मले."

चाचांनी नवस कशाचा ते विचारून घेतलं. मग चादर उलटून पाहिली, तिच्यावर कुठे कुराणातलं काही लिहिलेलं नाही ना, याची खात्री केली.

"थंडीत फरशी लई गार पडते. आमच्या म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात. नमाजाले खाली अंथरू का?"

आईने पिशवीसकट चादर त्यांच्या हातात दिली. मग कुठे मान वर करून तिने नक्षी पाहिली, आणि ती अशी रमली की निघायची घाई मला करता येईना.

घरी येऊन मी मशिदीचे काढलेले फोटो निवडत बसले. आईने त्यातला एकही मागितला नाही. परवा पहाटे कडाक्याची थंडी होती. देवापुढे दिवा लावून ती गुडघ्यावरून हात फिरवत उभी होती.

"आज अंथरली असन चाचानं," ती म्हणाली.