गठुड्याची जागा

मोखाड्यात चार दिवस मनसोक्त भटकून, नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी चापून मी नाशिकला घरी निघालो. मोबाईल कुणाकडे नव्हते तेव्हाची गोष्ट. जीप गच्च भरली तरी हलेना. पुढच्या सीटवर कुणाचं तरी गठुडं (बोचकं) होतं आणि त्याचा मालक चहाला गेला होता. मी चरफडू लागलो.

"गठुडं हाय ना गुरुजी, मंग माणूस येलच," शेजारचे काळूबाबा म्हणाले.

काळूबाबा पोशेऱ्याचे. नाशिककडे द्राक्षबागेत मजुरीला गेलेल्या लेकीला मुलगा झाला होता आणि आज बारसं होतं. आजोबांनी आणलेली कुंची घातल्याशिवाय बाळ पाळण्यात जायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. ती कुंची मांडीवरच्या गठुड्यात होती. थंडीसाठी स्वतःचं घोंगडं मात्र त्यांनी गाववाल्याबरोबर आधीच पाठवलं होतं. आगगाडीत ते पहिल्यांदाच बसणार होते.

मालक आला तेव्हाच जीप हलली आणि तिने आम्हाला घाटाखालच्या स्टेशनवर सोडलं. स्टेशन म्हणजे एक खोली, एक घंटा, एक नळ. पॅसेंजर दिवसातून दोनदाच थांबे. सकाळची आली, आम्ही चढलो. काळूबाबांनी गठुडं बाकावर ठेवलं आणि उतरून निवांत तोंड धुवायला गेले. शिट्टी झाली. मी बोंबललो, तर त्यांनी हसून बाकावरचं गठुडं बोटाने दाखवलं. गाडी हलली.

काय सुचलं देव जाणे, गठुडं कवटाळून मी उडी टाकली. माझी बॅग मात्र गाडीबरोबर गेली.

"तुमची पिशवी हाय ना तिच्यात? मंग थांबल ती," काळूबाबांनी मलाच धीर दिला. गाडी वळणाआड गेली तसा त्यांचा चेहरा उतरला. गठुडं पोटाशी धरून ते खालीच बसले. मला फार वाईट वाटलं.

स्टेशनमास्तर आधी पोट धरून हसले, मग फोन करून त्यांनी बॅग बागेजवळच्या स्टेशनवर उतरवून घेतली. संध्याकाळच्या गाडीत काळूबाबा तहान लागली तरी जागचे हलले नाहीत.

बॅग घेऊन मीही त्यांच्यासोबत बागेत गेलो. पाळणा रिकामाच होता. शेजारी काळूबाबांचं घोंगडं अंथरलेलं, त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. बायका दुपारपासून थांबलेल्या. मी उशिराचं कारण सांगू लागलो, पण लेकीने ते ऐकूनच घेतलं नाही.

"घोंगडं आलं व्हतं ना," ती म्हणाली. "बा येनारच व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचलो. बायकोने दारातच माझी खरडपट्टी काढली. मी स्वयंपाकघरात शिरलो. माझ्या पाटासमोर रात्रीचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं.