आजीनं न घेतलेलं नाव

आमच्या आजोबांचं नाव दोन कागदांवर दोन निघालं आणि माझं डोकंच फिरलं. मृत्यूच्या दाखल्यावर आश्रुबा, आणि आमच्या बापूंच्या शाळेच्या उताऱ्यावर वडिलांचं नाव म्हाळू. धाकट्या बहिणीला, तेजश्रीला, नर्सिंगला जागा मिळालेली. जातीच्या दाखल्याची पडताळणी तेवढी राहिलेली. खिडकीतले साहेब म्हणाले, "ही दोन माणसं दिसतात. एकच असतील तर जुन्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा. शुक्रवार शेवटचा." शुक्रवार हुकला की तेजीचं वर्ष गेलं.

बापूंना विचारलं तर त्यांनी हात झटकले. "मने, मला शाळंत आयनं घातलं. गुरुजीनं काय लिवलं ते तिलाच ठावं."

मग आजीकडं, विमलबाईकडं, गेले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, अजून शेंगा फोडत बसते. "म्हाळूच की," ती म्हणाली. "समदे म्हाळूच म्हनायचे."

"मग आश्रुबा कोण?"

तिनं तोंडाला पदर लावला, सूप उचललं आणि आत निघून गेली. नवऱ्याचं नाव ती घेत नाही हे मला ठाऊक होतं, पण एवढं काय लाजायचं? माणूस जाऊन अकरा वर्षं झाली!

आजी-आजोबा लग्नाआधी तलवाड्याच्या एका पाटलांकडं कामाला होते, एवढं कानावर होतं. म्हणून तलवाडा गाठला. पाटलांचे नातू विजयसिंह माणूस चांगला. खुर्ची दिली, चहा दिला. "म्हाळू म्हणजे आमचा घरगडी. माझ्या आजीचा तर त्याच्यावाचून दिवस ढळत नसे. आणि आश्रुबा म्हणाल तर ते आमचे आजोबा, आप्पा." वर हसून म्हणाले, "तुमच्या आजी-आजोबांचं लग्नसुद्धा आमच्या आप्पांनीच लावून दिलं."

मला राग आला. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. गोठ्यातल्या बैलाचं नाव घ्यावं तसं त्यांनी माझ्या आजोबांचं नाव घेतलं होतं. अर्धा चहा तसाच ठेवून मी उठले.

परतीच्या एसटीत बसले आणि डोक्यात उजेड पडला. मालक आश्रुबा, गडीही आश्रुबा. मालकीणबाई नवऱ्याचं नाव कशी घेणार? मग गड्याला हाक कशी मारणार? ठेवलं बाईनं त्याचं नाव म्हाळू, झालं!

घरी येऊन आजीला हे सांगितलं तर ती चक्क हसली. "लई हुशार झालीस," म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून पहिल्यांदा सगळं बोलली.

"मी अठरा वर्सांची. चकलांब्याहून आत्यासंग तलवाड्याला गेलते, भांडी घासाया, दळाया. ह्ये तिथं घरगडी. पानी शेंदायचं, धारा काढायच्या, आंगन झाडायचं. मालकीणबाई दिसभर म्हाळू म्हाळू. मी बी तेच म्हनायची. एक दिस मागल्या दारी भाकरी देताना इचारलं, तुमची आय बी म्हाळूच म्हनती का? तर म्हनले, 'आय गेली. माजं नाव घेनारं आता कोन न्हाई.' मला लई वाईट वाटलं गं."

त्या दिवसापासून आजी त्यांना हळूच खऱ्या नावानं हाक मारू लागली. मागच्या दारी, भाकरी देताना. हिवाळाभर हेच चाललं. नुसतं नाव, पुढं एक शब्द नाही. आणि आमचे आजोबा त्या नावासाठी म्हणे दोनदोनदा भाकरी मागायला यायचे. भूक कसली, सोंगं!

पाडव्याला आठ दिवस होते तेव्हा मालकीणबाईंनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, भांडी घासणारी पोरगी मालकाला नावानं हाक मारते! घर डोक्यावर घेतलं. "आत्ताच्या आत्ता चालती हो!" आत्या पाया पडायला लागली. तेवढ्यात आजोबा हातातली घागर खाली ठेवून आले.

"तिनं मला हाक मारली," ते म्हणाले. "माजंच नाव हाय ते."

"तुझं नाव म्हाळू!"

"न्हाई, बाईसाब."

एवढंच बोलले. गड्याचं साल पाडव्याला संपतं. तसं ते संपवलं, पुढचं धरलं नाही, आणि सरळ चकलांब्याला जाऊन आजीच्या वडिलांकडं तिला मागणी घातली. आप्पांनी लग्न लावलं म्हणे! आप्पांनी एक लुगडं धाडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण लग्न जमवलं ते या दोघांनी.

"मग लग्नानंतर?" मी विचारलं.

"मंग कसं घ्यायचं नाव? नवरा झाले की त्ये. उखान्यात बी मी म्हाळूच घातलं. बाया हसल्या. आन तुज्या बापूला शाळंत घातलं, तर गुरुजी म्हनले, बापाचं नाव सांगा. म्हनलं, लिवा म्हाळू."

"अगं आजी! म्हणजे सगळा घोळ तूच घालून ठेवलास!"

"मंग काय करू बाई?"

शुक्रवारी आम्ही तिघी बीडला. कोर्टाबाहेर वकीलसाहेबांनी कागद टाईप करून घेतला आणि आजीकडं वळले. "आजी, म्हाळू म्हणजे तुमचे यजमान. त्यांचं खरं नाव काय?"

आजीनं माझ्याकडं बघितलं. "मनिषा सांगंल."

"तिचं नाही चालत. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही."

आजी खाली बघत उभी. तेजी फाईल छातीशी धरून उभी, तिचे डोळे भरलेले. माझा तोल सुटला. "आजी, पोरीचं वर्ष चाललंय!"

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "आश्रुबा," म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"आश्रुबा!" इतक्या मोठ्यानं, की शेजारचा टायपिस्ट वळून बघू लागला.

अंगठा झाला, शिक्का झाला, तेजी कागद घेऊन खिडकीकडं पळाली. मला हायसं वाटलं. मागं वळून बघते तर आजी बाकड्यावर बसून रडतेय.

"अगं, कुणी हसलं का? कशाला रडतीस?"

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "जाताना मला म्हनले व्हते, इमल, एकदा नावानं हाक मार. भवती समदी मानसं व्हती, सुना व्हत्या. मला लाज वाटली, मने. मी न्हाई मारली."