यादवकाकांनी पोच घेतली नव्हती

यादवराव सोनकांबळे यांच्यावर अन्याय झाला तो दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. नांदेडला, एका निवृत्त प्राध्यापकांच्या व्हरांड्यात. काकांनी आपल्या पहिल्या पुस्तकाचं एकमेव हस्तलिखित, एकशे अठ्ठ्याऐंशी पानं, प्रस्तावनेसाठी त्यांच्या हातात दिलं. ते परत आलं नाही. प्रस्तावनाही आली नाही. गेल्या महिन्यात काका गेले. बातमीत 'दीर्घ आजाराने' असं छापून आलं आणि ते खोटं नाही, काळीज कमजोर झालंच होतं. पण मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. बातमीत जे सुटतं ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

मुक्ताकाकूंचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या एका छापखान्यात वसतिगृहाच्या पत्रकाची प्रुफं तपासत उभी होते. मशीन चालू होती, नीट ऐकू येईना. "गेले गं तुझे काका," काकू म्हणाल्या. मी विचारलं कधी, तर म्हणाल्या, "आत्ताच. चहा घेतला, कप खाली ठेवला..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. मी प्रुफं तिथंच टाकली आणि कंधारची बस धरली. अहमदपूर येईपर्यंत मला रडू आलं नाही. राग आला होता. अजून आहे.

काका कंधारला तहसीलसमोर लिंबाखाली बसायचे. एक टेबल, दोन खुर्च्या, कार्बनची डबी. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, चाळीसेक वर्षं. त्यांच्या बापाला अक्षरओळख नव्हती, त्यामुळं दुसऱ्याचा अर्ज आपल्या हातून लिहिला जातो याचा त्यांना फार अभिमान होता. मी पहिल्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनं. आमच्या भागातल्या पोरींची कॉलेजची बस बंद झाली होती आणि मी एक जळजळीत पत्रक लिहून आणलं होतं. काकांनी ते शांतपणे वाचलं, चष्मा काढला.

"हे वाचून साहेबाला राग येईल."

"यायलाच पाहिजे."

"राग आला की कागद बाजूला सारता येतो, पोरी. तारीख असली की सारता येत न्हाई. शिव्या काढ. कोणत्या दिवशी बस आली न्हाई, कोण कोण पोरी उभ्या होत्या, नावानिशी लिही."

मला लई अपमान वाटला. पण लिहिलं. मग त्यांनी कार्बन टाकून त्याचा अर्ज केला, दोन प्रती माझ्या हातात दिल्या आणि सांगितलं, की एक आत द्यायची, दुसरीवर शिक्का आणि सही घेऊन यायची. "पोच घेतल्याबिगर कागद सोडायचा न्हाई. सोडला की तो सरकारचा. पोच हाय तवर आपला." हे वाक्य त्यांनी तालुक्यातल्या किती माणसांना ऐकवलं असेल, देव जाणे. दोन महिन्यांनी बस सुरू झाली. त्यानंतर मी कोणताही कागद त्यांना दाखवल्याशिवाय बाहेर काढला नाही.

पुस्तकाचं खूळ मीच त्यांच्या डोक्यात घातलं. संध्याकाळी टेबल आवरताना ते दिवसभरात आलेल्या माणसांचं सांगायचे. अर्ज एका पानाचा, पण माणूस तासभर बोललेलं असायचं. हे सगळं कुठं जातं, असं मी एकदा विचारलं. "कुठं जातं? माझ्या डोक्यात राहून राहिलंय," ते म्हणाले. मी वह्या आणून दिल्या. तीन आठवडे झाले तरी एक ओळ पुढं सरकेना. बघते तर प्रत्येक पानावर वर 'मा. तहसीलदार साहेब यांच्या सेवेशी', खाली 'विषय', खाली 'महोदय', आणि मग नुसतं कोरं. काकू आतून म्हणाल्या, "चाळीस वर्षं साहेबालाच लिहिलं. बायकोला एक चिठ्ठी लिहिली न्हाई ह्या माणसानं."

काका हसले नाहीत. "समोर कोणी असल्याबिगर माझा पेन चालत न्हाई, काय करू?"

मी म्हटलं, मग साहेब उठवा खुर्चीतून आणि ज्यानं अर्ज केला त्याला बसवा. त्यालाच लिहा. दुसऱ्या दिवशी पहिलं प्रकरण तयार होतं. गिरजाबाईंना लिहिलेलं. त्यातला तुकडा असा: 'गिरजाबाई, तुम्ही रेशनकार्डावरून मालकाचं नाव कमी करायला आला होता. मी लिहिलं, सदर इसम मयत आहे. तुम्ही म्हणालात, भाऊ, त्याचं अन् माझं नाव एका जागी ह्याच कागदावर हाय. मी अर्ज पुरा केला. तुम्ही तो आत दिला नाही. घडी करून पदराला बांधलात आणि बसकडे गेलात. मी बघत होतो.'

अशी बेचाळीस प्रकरणं. बेचाळीस माणसांना. एक धर्माबादकडचे आजोबा होते, अर्धं तेलुगूत बोलायचे; त्यांना लिहिताना काकांनी त्यांची तेलुगू वाक्यं तशीच ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'हे तेव्हा मला कळलं नव्हतं, आता थोडं कळतं.' ज्यांना हे लेखन वाटत नाही त्यांनी लेखन म्हणजे काय ते मला येऊन सांगावं.

लातूरला प्रकाशकाकडे आम्ही दोघं गेलो. दुकानात छताला टेकलेले स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे, आणि मधल्या बोळात ते गृहस्थ. दोन पानं त्यांनी उभ्यानं वाचली, मग खुर्ची ओढली आणि वीसेक पानं बसून वाचली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "लिहिलंय भारी. पण तुम्हाला ओळखतं कोण?"

"सगळं कंधार ओळखतं," काका म्हणाले.

"कंधार पुस्तकं घेतं का?"

"माझ्या हातचा कागद तर घेत आलंय."

प्रकाशक हसले, चहा सांगितला, आणि मग ते वाक्य आलं. मोठ्या माणसाची प्रस्तावना आणा, लगेच कंपोजला टाकतो. आपल्याकडची ही रीत आहे. ज्याची दहा पुस्तकं आलीत त्याला कोणी विचारत नाही. ज्याचं पहिलं आहे त्यानं आधी कुणाच्या तरी दारात उभं राहून आपण लेखक असल्याचा दाखला आणायचा. काकांनी हजारो माणसांना रहिवासाचे, जातीचे, उत्पन्नाचे दाखले काढून दिले. आता त्यांचीच पाळी आली. मला तिथंच भांडण करायचं होतं. काकांनी माझा दंड धरला. "रीत हाय, पोरी. आपण रीतीनं जाऊ."

म्हणून नांदेड. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जाताना बसमध्ये मी विचारलं, झेरॉक्स काढायची का? किमान कार्बन टाकला होता का? ते माझ्यावर चक्क चिडले. "पुस्तकाला कार्बन टाकतेत का? तो काय अर्ज हाय?" त्या चिडण्यात किती आनंद होता, ते मला आज कळतं. जन्मात एकदा ते असा कागद घेऊन निघाले होते, ज्यावर काही मागितलेलं नव्हतं. मी गप्प बसले. हजार हजार पत्रकं छापणारी मी, एक गठ्ठा दुकानात नेऊन त्याची प्रत काढू शकले नाही. हा माझा गुन्हा आहे आणि तो मी इथं कबूल करते.

प्राध्यापक सरांनी गठ्ठा घेतला, झोपाळ्यावरच्या ढिगावर ठेवला. "बघतो, सवडीनं," म्हणाले. काका उठले आणि त्यांचा उजवा हात सवयीनं थोडा पुढं झाला, जसा खिडकीपाशी शिक्क्यासाठी होतो. मग त्यांनी तो मागं घेतला आणि नमस्कार केला. रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, काका, पोच? तर म्हणाले, "एवढ्या विद्वान माणसाला सही मागायची? लाज वाटती."

पुढची दोन वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. फोन केला की सर अजून वाचतच असायचे, किंवा पुण्याला असायचे. दुसऱ्यांसाठी तीन-तीन स्मरणपत्रं लिहिणाऱ्या काकांनी स्वतःसाठी एक लिहिलं नाही, मलाही लिहू दिलं नाही. शेवटच्या भेटीत ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी काही विचारलंच नव्हतं. आपणहून म्हणाले, "मोठ्या माणसाला पोच मागायची लाज वाटली, अन् तुम्हा सगळ्यांना शिकवत बसलो होतो... लई चुकलं." मी म्हटलं, चूक तुमची नाही. ते म्हणाले, "हाव, पण कागद माझा होता ना."

काका गेल्यावर आठव्या दिवशी मी सरांच्या दारात गेले. त्यांनी हळहळ व्यक्त केली. तळागाळातून लिहिणाऱ्यांची आज किती गरज आहे, हे मला समजावून सांगितलं. हस्तलिखिताचं विचारलं तर म्हणाले, "असं काही माझ्याकडे आल्याचं आठवत नाही. कुणाकुणाचं येत असतं." माझ्याजवळ दाखवायला शिक्क्याचा कागद नव्हता. त्यांना ते माहीत होतं, असं मी म्हणत नाही. पण कपाट उघडून बघायलाही ते उठले नाहीत.

काकूंनी ट्रंक उपसली. कच्च्या वहीत नऊ प्रकरणं सापडली. बेचाळीसपैकी नऊ. तेहतीस माणसं गेली... पण कुठं गेली? ती तर इथंच आहेत. कंधारला, लोह्याला, मुखेडला, धर्माबादकडच्या खेड्यांत. काकांनी लिहिलं ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. त्यांची वाक्यं मला परत लिहिता येणार नाहीत, तसं सोंगही मी करणार नाही. पण त्या खुर्चीत बसून कोण काय बोललं, ते गोळा करता येतं. नऊ प्रकरणं काकांची, पुढं लोकांनी स्वतः सांगितलेलं, कव्हरवर यादवराव सोनकांबळे यांचं नाव. प्रस्तावना असणार नाही. लातूरच्या प्रकाशकांना मी हे सांगून आले आहे. ते छापतील तर उत्तम. नाहीतर ज्या मशीनवर आमची पत्रकं निघतात त्याच मशीनवर पुस्तक निघेल. ज्यांच्या कपाटात नवख्या माणसांची बाडं 'सवडीनं' पडून आहेत, त्यांनी ती या आठवड्यात ज्याची त्याला परत करावीत. त्यातलं एक नाव मला ठाऊक आहे, आणि पुढच्या वेळी मी ते छापीन.

राहिला प्रश्न तुमचा, वाचणाऱ्यांचा. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस कधी कंधारच्या लिंबाखाली अर्ज लिहायला बसलं होतं का, ते विचारा. अर्ज काय होता, हे नको. त्या चष्मेवाल्या माणसाला तू काय सांगितलंस, हे विचारा. जसं बोलतील तसं लिहून घ्या, भाषा सुधारू नका. काकूंनी टेबल अजून तिथंच ठेवलंय, बाजाराच्या दिवशी मी तिथं बसते, कागद माझ्या हातात आणून द्या. आणि हे आजच विचारा. काका अडुसष्टचे होते, त्यांच्यासमोर बसलेली बरीच माणसं त्यांच्याहून थोरली आहेत.